राणीच्या डावीकडे, एक पाऊल मागे

माझ्या सासूबाई दहा आठवड्यांसाठी मेलबर्नला आल्या आणि अकरा महिने राहिल्या. यात त्यांचाही दोष नव्हता आणि माझाही. त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात उतरल्या, आणि त्यांचा जेट लॅग नीट उतरायच्या आत विमानं बंद झाली.

आम्ही मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या जुन्या भागात राहतो. नव्या हाउसिंग इस्टेटींमध्ये आपली माणसं जास्त. आमच्या गल्लीत मात्र बुटकी विटांची घरं, मागे ऐसपैस बॅकयार्ड आणि कुंपणापलीकडे म्हातारे शेजारी. बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. ती पहाटेच बाहेर पडायची आणि संध्याकाळी आल्यावर गॅरेजमध्ये कपडे बदलून, अंघोळ करून मगच कुणाच्या समोर यायची. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. म्हणजे दिवसाचे दहा तास घरात मी आणि सासूबाई. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं सलग वीस मिनिटांच्या वर कधी एकटे बसलो नव्हतो. त्या मला 'तुम्ही' म्हणतात, मी त्यांना 'आई' म्हणतो, आणि दोघंही एकमेकांसमोर जरा सावरून असतो.

पहिले काही आठवडे मालिकांवर निभावले. मग तिकडे शूटिंग थांबलं आणि जुनेच भाग पुन्हा लागायला लागले. सासूबाई टीव्हीसमोर बसून पुढचा संवाद आधीच म्हणायच्या आणि मग मान हलवायच्या.

"एका माणसाला जिना उतरायला तीन भाग लागतात," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी एका तासात अख्खा पेशवा जन्माला येऊन जायचा."

'आमच्या वेळी' म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईत टीव्ही नवीनच आला होता तेव्हा ऐतिहासिक नाटकांची एक माळ सुरू झाली होती. दर वेळी वेगळं नाटक, वेगळा माणूस. एकदा एखादा सरदार, एकदा संत, एकदा सत्तावन्न सालचा कुणी शिपाई. सासूबाई तेव्हा कॉलेजच्या नाट्यमंडळात होत्या, आणि त्यातल्या एका नाटकात त्यांनी काम केलं होतं. कसलं काम? राणीचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बायकोनं मला जी माहिती दिली, त्यात हे तिसऱ्या क्रमांकाला होतं: वडील नाहीत, घर स्वतःचं आहे, आणि आईनं टीव्हीवर राणीचं काम केलंय. नाटक कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या काळी टेप पुसून त्यावरच दुसरा कार्यक्रम घ्यायचे. पुरावा असा काहीच नाही, पण सासूबाईंच्या बसण्या-उठण्यात राणी थोडीशी होतीच, त्यामुळे मला कधी शंका आली नाही.

जूनमध्ये शेजारच्या आजोबांच्या लिंबाचं झाड आमच्या बाजूला लवंडलं. शेजारचे आजोबा म्हणजे त्र्याऐंशी वर्षांचे, एकटे, उंच, थोडे वाकलेले, सदा एकच निळा स्वेटर घातलेले. तीन वर्षांत आमचं बोलणं 'मॉर्निंग' आणि 'कचऱ्याच्या बिन्स गेल्या का' इतकंच होतं. सासूबाईंनी झाडाखाली पडलेली लिंबं बघितली, माझ्याकडून विचारून घेतलं, लोणचं घातलं आणि मुरल्यावर एक बरणी कुंपणावरून दिली. चार दिवसांनी बरणी रिकामी परत आली. त्यांनी ते टोस्टवर लावून खाल्लं होतं.

"त्यांना विचारा, तिखट नाही ना झालं?" सासूबाई मला म्हणाल्या.

मी विचारलं. आजोबांनी जरा विचार करून सांगितलं की पहिल्या दिवशी झालं, नंतर जीभ गेली त्यामुळे त्रास झाला नाही. मी भाषांतर केलं, "छान झालंय म्हणतात."

त्यानंतर रोज दुपारी तीनला दोघं आपापल्या बाजूनं कुंपणाशी यायला लागले. सासूबाई एका उलट्या बादलीवर उभ्या राहायच्या, कारण कुंपण त्यांच्या कपाळाला लागायचं. मध्ये मी, कानात हेडफोन, हातात लॅपटॉप, एका कानानं मीटिंग ऐकत दुसऱ्या कानानं भाषांतर करायचो. आजोबांची इंग्रजी जुन्या वळणाची. त्यांचं बोलणं मी पुढे सगळं मराठीतच देतो, कारण सासूबाईंपर्यंत ते तसंच पोचलं.

एके दिवशी सासूबाईंनी मला सहज सांगायला लावलं की त्या टीव्हीवर काम केलेल्या बाई आहेत.

आजोबा थांबले. "मीही," ते म्हणाले.

ते मेलबर्नला टीव्ही आल्या-आल्या स्टुडिओत लागले होते. तिथेही तसाच प्रकार. महिन्यातून एकदा इतिहासातलं एक नाटक. कधी वाळवंटात भुकेनं मेलेला संशोधक, कधी दरोडेखोर, कधी एखादा गव्हर्नर. आणि सगळं लाइव्ह. नट स्टुडिओत बोलला की त्याच क्षणी लोकांच्या घरात. चुकलं तर चुकलं. आजोबांचं काम होतं बूमचं, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला माईक बांधून तो नटांच्या डोक्यावर धरायचा. कॅमेऱ्यात दिसू द्यायचा नाही आणि आवाज सोडायचा नाही.

"आठ वर्षं मी इतिहासाची फक्त टाळकी बघितली," ते म्हणाले.

त्यांनी गव्हर्नरची गोष्ट सांगितली. इथल्या जुन्या ब्रिटिश वसाहतीच्या एका गव्हर्नरला त्याच्याच सैनिकांनी पदावरून खाली ओढलं होतं. त्यावरचं नाटक. गव्हर्नर ताडकन उठून उभा राहिला, तो तालमीपेक्षा जरा जास्तच उठला. माईकच्या क्लिपमध्ये त्याचा पांढरा विग अडकला आणि आजोबांनी सवयीनं दांडा वर घेतला.

"मग?" सासूबाईंनी भाषांतराची वाटच पाहिली नाही.

"मग विग वर गेला. खाली आणावा तर कॅमेऱ्यात माईक येणार. म्हणून मी तो वरच धरून ठेवला. चार मिनिटं. गव्हर्नरच्या डोक्यावर केस नाहीत आणि तो राजाच्या अधिकाराबद्दल बोलतोय."

"मग तुम्हाला काढून टाकलं का?"

"नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की सत्ता जाण्याचं दृश्य फार ताकदीनं दाखवलंय. दिग्दर्शकानं मला बिअर पाजली."

सासूबाई बादलीवर हसायला लागल्या आणि त्यांना कुंपण धरावं लागलं. मीही हसलो. तेव्हा माझ्या हेडफोनमधून आमच्या टीम लीडचा आवाज आला, की विग हे कुठल्या मॉड्यूलचं नाव आहे. मी म्यूट करायला विसरलो होतो.

ऑगस्टमध्ये लॉकडाऊन कडक झालं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, व्यायामाला एक तास, कुणाच्या घरी जायचं नाही. आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप आहे. दर वर्षी हॉल घेऊन गणपती व्हायचा, त्या वर्षी ऑनलाइन ठरला. प्रत्येक घरानं दहा मिनिटांचा एक कार्यक्रम रेकॉर्ड करून पाठवायचा. बायको शिफ्टवरून आली, अंघोळ केली, जेवायला बसली आणि वरण ओतता ओतता म्हणाली, "आई, मी तुझं नाव दिलंय."

"कशाला?"

"तुझ्या त्या नाटकातला राणीचा प्रवेश कर ना. सगळ्यांना सांगून टाकलंय मी. टीव्हीवरची राणी म्हणून."

सासूबाईंच्या हातातली पोळी तशीच राहिली. "पन्नास वर्षं झाली गं."

"पाठ आहे तुला. लहानपणी मला झोपवताना म्हणायचीस."

ते खरं होतं. त्यांना सगळं पाठ होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून तो प्रवेश म्हणून दाखवला. सरदार नवरा मोहिमेवर निघालाय, परत येण्याची खात्री नाही, आणि राणी त्याला निरोप देते. चांगलं दीड पानाचं भाषण. म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला आणि स्वयंपाकघर एकदम मोठं वाटायला लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, "स्वारी निघाली. आम्ही अडवणार नाही. गडाचे दरवाजे आज आम्ही आमच्या हातानं लावू, आणि उघडू तेही आमच्याच हातानं."

मी नकळत उठून उभा राहिलो होतो.

"सरदार कोण?" त्यांनी विचारलं.

घरात पुरुष मी एकटा. सरदाराला एकच वाक्य होतं: "राणीसाहेब, निरोप द्या." मी ते म्हटलं.

"रजेचा अर्ज करताय का?" सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "तुम्ही नुसते उभे राहा. शेवटी म्हणा. तोवर आवाज खाली बसेल."

दुपारी कुंपणाशी ही बातमी गेली. आजोबांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "साउंड कोण करतंय?"

मी म्हटलं, फोनमध्येच होतो साउंड. ते माझ्याकडे असं पाहत राहिले, जणू मी म्हटलंय की भात मायक्रोवेव्हमध्येच होतो. मग ते आत गेले आणि पाच मिनिटांनी एक लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची काठी घेऊन आले. स्विमिंग पूल साफ करायची. त्यांची बायको वारल्यावर त्यांनी पूल बुजवला होता, काठी ठेवली होती. काठीच्या टोकाला त्यांनी स्वतःचा जुना फोन चिकटपट्टीनं बांधला आणि वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्यावर लोकरीचा मोजा चढवला. ते आमच्या घरी येऊ शकत नव्हते, पण काठी येऊ शकत होती. नियमात काठीबद्दल काही नव्हतं.

तालमी बॅकयार्डात सुरू झाल्या. थंडी अशी की राणीच्या पैठणीखाली माझा ट्रॅकसूट होता. मला बायकोच्या ओढणीचा फेटा, त्यात खोचायला आजोबांच्या दिवंगत बायकोच्या टोपीतलं एक पीस, आणि काजळाच्या मिशा. कुंपणापलीकडे शिडीवर आजोबा, हातात काठी, डोक्यावर कान झाकणारी टोपी. सासूबाईंनी एक अट घातली होती, की एकाच दमात रेकॉर्ड करायचं, कापाकापी नाही. आजोबांनी ती तत्काळ मान्य केली. त्यांच्या मते कापाकापी सुरू झाली तिथेच नाटक बिघडलं.

पण तालीम जमत नव्हती. शब्द सगळे बरोबर यायचे, पण सासूबाई जागेवर राहायच्या नाहीत. मी अंगणाच्या मधोमध एक फरशी ठेवली होती, राणीची जागा म्हणून. त्या फरशीवर उभ्या राहायच्या, दोन वाक्यं म्हणायच्या आणि हळूच डावीकडे मागे सरकायच्या. मी पुन्हा फरशीवर आणायचो. पुन्हा सरकायच्या. आणि बोलताना उजवा हात मनगटातून हलत राहायचा, इकडून तिकडे, अगदी संथ.

मंगळवारी तालीम संपल्यावर सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि आजोबांनी मला शिडीवरूनच बोलावलं.

"मेट," ते म्हणाले, "ती राणी नव्हती."

"म्हणजे?"

"बूमवाल्याला कोण कुठे उभं आहे ते पाठ असावं लागतं. राणी मध्ये उभी असते. हिला मध्ये उभं राहायची सवयच नाही. ही राणीच्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागे उभी असायची. आणि हातात काहीतरी होतं. पंखा वगैरे."

मागे दार वाजलं. सासूबाई दोन कप घेऊन उभ्या होत्या.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, तालीम छान चाललीय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शिडीवरच्या आजोबांकडे पाहिलं. 'क्वीन' आणि 'फॅन' हे दोन शब्द समजायला भाषांतर लागत नाही. त्यांनी एक कप कुंपणावर ठेवला, आजोबांकडे सरकवला, आणि मग उलट्या बादलीवर बसल्या.

"चवरी होती," त्या म्हणाल्या. "सांगा त्यांना. पंखा नाही, चवरी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी वाक्यावाक्याला थांबून भाषांतर केलं. राणीचं काम एका नावाजलेल्या नटीकडे होतं. तिला इतर नाटकं, सिनेमे, त्यामुळे ती तालमीला यायची नाही. तिच्या जागी रोज उभं राहून तिचे शब्द म्हणायचं काम चवरीवालीकडे होतं, म्हणजे सासूबाईंकडे. तीन आठवडे त्या राणी होत्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी नटी आली, राणीच्या जागेवर उभी राहिली आणि सासूबाई डावीकडे मागे गेल्या.

"दिसलात ना पण टीव्हीवर?" मी विचारलं.

"सांगते ना. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच घरी टीव्ही होता. चाळीस माणसं जमली. वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर, ऑफिसातून लवकर आलेले. नाटक सुरू झालं. राणी आली. आणि तिच्या बाजूनं एक हात आला, चवरी घेतलेला. कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या. तासभर तो हात हलला आणि नाटक संपलं."

आजोबांनी कप खाली ठेवला. ते हसले नाहीत.

"वडील काय म्हणाले?" हे त्यांनी विचारलं, मी फक्त पोचवलं.

"म्हणाले, हात छान आला हो."

मग आजोबांच्या खांद्यांवरून मला कळलं की ते हसू दाबताहेत, आणि सासूबाईंनाही ते कळलं, आणि त्याच आधी हसल्या.

मला एक विचारायचंच होतं. "मग राणी कधी झालात?"

"मी कुठे झाले. मला बघायला आले तेव्हा काकूनं सांगितलं, मुलगी टीव्हीवर होती, राणीच्या नाटकात. माझ्या सासूला ऐकू आलं राणीचं काम. ती खूश झाली. आता नवी सून काय सासूला खोटं पाडणार? मग तिनं सगळीकडे सांगितलं. पुढे पोरीनं शाळेत सांगितलं. मी फक्त नाही म्हटलं नाही." त्या उठल्या. "हिला सांगू नका. लॅबमधून थकून येते बिचारी."

राणीचा आणि थकव्याचा संबंध मला कळला नाही, पण मी शब्द दिला. आजोबांनीही दिला, जरी त्यांना सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून सासूबाई फरशीवरून हलल्या नाहीत. आजोबांनी एक युक्ती सुचवली होती. सासूबाईंनी उजव्या हातात काहीतरी जड धरावं. मी पूजेचं तबक दिलं, त्यात खाली दगडी पोळपाट लपवला. मनगट गप्प बसलं.

शनिवारी बायकोला सुट्टी होती. तिनं इस्त्रीच्या टेबलावर डब्यांची चळत रचून त्यावर कॅमेरा म्हणून माझा फोन ठेवला. आजोबा शिडीवर चढले. आकाश ढगाळ होतं, वारा नव्हता, गल्लीतलं गवत कापायचं मशीनही नुकतंच थांबलं होतं. आजोबांनी काठी पुढे सरकवली, मोजा सासूबाईंच्या डोक्यावर दोन हातांवर येऊन थांबला, आणि त्यांनी अंगठा वर केला.

सासूबाई सुरू झाल्या. पहिल्या दोन वाक्यांत मला कळलं की हे तालमीतलं नाही. मी छाती पुढे काढून समोर उभा होतो आणि मला खरोखर वाटायला लागलं की मी कुठेतरी निघालोय आणि परत येणं कठीण आहे.

तेवढ्यात माझ्या डोक्यात मागून दगड बसला.

दगड नव्हता. मॅगपाय होता, इथला कावळ्याएवढा काळापांढरा पक्षी. आजोबांच्या निलगिरीवर त्यांचं घरटं होतं आणि त्या दिवसांत ते अंगावर येतात. पण आमच्या अंगावर तो कधीच आला नव्हता. आजोबांनी नंतर सांगितलं की हे पक्षी चेहरे ओळखतात. शेजारचा भला माणूस म्हणून तो मला ओळखत होता. फेटा आणि काजळाच्या मिशा लावलेला हा इसम त्याला अनोळखी होता. तो वळून पुन्हा आला, चोच फटकन वाजवली आणि फेट्यातलं पीस उपटून घेऊन गेला. ओढणी माझ्या एका डोळ्यावर आली. बायकोनं तोंडावर हात ठेवला. मी पळायच्या बेतात होतो, पण समोर सासूबाई होत्या, आणि त्या हलल्या नव्हत्या.

त्यांनी पक्ष्याकडे वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"पाखरंसुद्धा आपल्याला अडवताहेत," त्या म्हणाल्या. हे वाक्य नाटकात नव्हतं. "पण आम्ही अडवणार नाही."

आणि तिथून सरळ मूळ भाषणाला लागल्या. पक्षी आणखी दोनदा आला. मी डोळे मिटून खांदे वर घेतले आणि उभा राहिलो. शेवटी माझं वाक्य आलं. "राणीसाहेब, निरोप द्या," मी म्हणालो, आणि त्यात इतका जीव होता की पुढे पुष्कळांनी त्याची स्तुती केली. मला खरोखर जायचं होतं.

आजोबांच्या हातातली काठी एवढ्या वेळात एकदाही हलली नव्हती. संपल्यावर मात्र काठी त्यांच्या हातातून सुटून आमच्या अंगणात पडली आणि ते बराच वेळ शिडीवरच बसून राहिले. सासूबाई कुंपणाशी गेल्या. "गुड?" त्यांनी विचारलं.

"व्हेरी," आजोबा म्हणाले.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ऑनलाइन कार्यक्रम होता. पडद्यावर साठेक चौकोन, कुणाच्या मागे मखर, कुणाच्या मागे फ्रीज. आजोबांना आम्ही लिंक पाठवली होती. त्यांच्या चौकोनात फक्त कपाळ दिसत होतं. आमची पाळी आली, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता पाहूया, मुंबई टीव्हीच्या पहिल्यावहिल्या काळात राणीची भूमिका गाजवलेल्या आपल्या काकू."

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "एक मिनिट," त्या म्हणाल्या. "मी राणीचं काम केलेलं नाही. मी दासी होते. चवरी ढाळत होते, आणि टीव्हीवर माझा फक्त हात दिसला. राणीचं काम मी आत्ता पहिल्यांदा केलंय. एवढं सांगायचं होतं."

माझी बायको त्यांच्याकडे वळून बघत राहिली. पडद्यावर मात्र कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला वाटलं, लोकांना फार मोठा धक्का बसलाय. मग एक गृहस्थ म्हणाले, "काकू, आवाज येत नाहीये. तुम्ही म्यूटवर आहात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अनम्यूटचं बटण माझ्या हाताखाली होतं. मी हळू आवाजात म्हटलं, "आई, राहू द्या. व्हिडिओ लावायला सांगतो."

त्यांनी क्षणभर विचार केला असेल. "करा चालू," त्या म्हणाल्या.

मी केलं. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, आणि वडिलांचं वाक्यही घातलं. कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या, एकेक घर म्यूट काढून, त्यामुळे त्या पाऊस सांडल्यासारख्या मागेपुढे वाजत राहिल्या. कपाळवाल्या चौकोनात दोन मोठे हात दिसले.

बायको मला हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू थकून येतेस."

ती दोन दिवस माझ्याशी जरा तुटक बोलली, आईशी नाही. व्हिडिओ लोकांना इतका आवडला की पक्षी कुणाचा, असं विचारणारे तीन फोन आले. सासूबाईंनी तो त्या आठवड्यात वीसेक वेळा पाहिला. त्यांनी स्वतःला पडद्यावर कधीच पाहिलं नव्हतं. एकदा फक्त म्हणाल्या, "मान जरा लांब आहे माझी. बरी दिसते."

नोव्हेंबरमध्ये कुणाच्या घरी जायला परवानगी मिळाली. आजोबा पुढच्या दारानं आले, केस विंचरून, निळ्या स्वेटरऐवजी जाकीट घालून, हातात फुलं. सासूबाईंनी नवी साडी नेसली होती. मी दोघांना हॉलमध्ये समोरासमोर बसवलं, मध्ये कांदेपोहे ठेवले आणि भाषांतराला तयार झालो. कुणी काही बोलेना. आजोबांनी पोहे छान आहेत म्हटलं. सासूबाईंनी तब्येत कशी आहे विचारलं. मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसले. पाच महिने रोज तासभर बोलणारी ही माणसं पंधरा मिनिटांत घामाघूम झाली. शेवटी आजोबा उठले, आभार मानून घरी गेले, आणि तीनच्या सुमाराला पलीकडे शिडी लावल्याचा आवाज आला. सासूबाई बादली घ्यायला आधीच बाहेर पडल्या होत्या.

विमानाचं तिकीट फेब्रुवारीत मिळालं. त्या गेल्या. आता रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल असतो, मी फोन घेऊन कुंपणाशी उभा राहतो. मागच्या वेळी वाद असा चालला होता की वाळवंटात मरणारा माणूस किती वेळ बोलू शकतो. सासूबाईंचं म्हणणं, भाषण चांगलं असेल तर कितीही.